वाढत्या अंगाचं इरलं

१

भिकूचा सदरा त्याला अजून होत होता, आणि तेवढ्यानंच केसरची झोप उडाली होती.

सदरा तिनंच शिवला होता, भिकू दोन वर्षांचा झाला तेव्हा. चांगला वाढत्या अंगाचा: बाह्यांना दुमडी, खाली चार बोटं कापड आत मारलेलं. अशा दुमडी सहा महिन्यांत उसवाव्या लागतात. भिकू आता चार वर्षांचा झाला होता आणि टाके होते तसे होते. पायातले वाळेसुद्धा तसेच. दुसऱ्यांच्या पोरांचे वाळे सोनाराकडे नेऊन कापावे लागत. ह्याचे टाचेवरून अलगद निघत.

मुरूडच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, माशाचं तेल लिहून दिलं. "प्रकृती झकास आहे. वाढेल," म्हणाले. भिकू तेल मजेत प्याला, आणि वाढला नाही. बोलण्यात मात्र चार वर्षांचाच होता. नव्हे, थोडा पुढचाच.

पहिली मुलगी राहिली नव्हती, म्हणून सासूबाईंनी ह्याचं नाव भिकू ठेवलं होतं. देवाकडून मागून आणलेला. केसर सातवी पास होती. तिला ते नाव आवडलं नव्हतं. पण बदलायची छातीही झाली नव्हती.

"कुणी ओलांडलं तर नाही ना गो ह्याला?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

निजलेल्या पोराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते. चुकून ओलांडलंच तर तसंच उलट ओलांडून मागं यायचं, म्हणजे फिटतं. केसर हसली होती. मात्र घरात कधी अंथरुणावरून तिचं पाऊल पलीकडे पडलं, तर ती गुपचूप मागं फिरे. दोन पावलांनी काय बिघडतं, असं स्वतःला सांगून.

त्या रात्री कूस बदलता बदलता तिला दोन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. माहेरी श्रीवर्धनला जाताना वाटेत मोटार थांबली होती. रस्त्याकडेला आंबेटवाडीचं ते प्रचंड इरलं होतं, पावसात पाठीवर घेतात तसलंच, पण खांबांवर टेकवलेलं; त्याच्या सावलीत तिनं भिकूला निजवलं होतं आणि स्वतः खांबाला टेकून डुलकी घेत होती. मध्येच डोळ्यांवर अंधार आला म्हणून तिनं पाहिलं. एक सावली भिकूवरून गेली. समुद्राच्या अंगानं आली आणि डोंगराच्या अंगाला गेली. ढग असेल, म्हणून तिनं पुन्हा डोळे मिटले होते.

वैशाखातली दुपार होती ती. आभाळात ढग कुठून आला?

२

नवऱ्याला, तुकाराम मास्तरांना, पटवायला काही त्रास पडला नाही. मोठ्या वस्तूंचं त्यांना वेडच होतं. जंजिऱ्यावरची तोफ त्यांनी बायकोला लग्नानंतर आठवड्याच्या आत दाखवली होती. कुठं देवमाशाचा मणका पडलाय, कुठं माणसाएवढा फणस लागलाय, अशी बातमी आली की मास्तर छत्री घेऊन निघत, आणि छत्रीनंच ती वस्तू मापून येत.

"इरलं बघायला? तू म्हणतेस?" त्यांनी चष्मा पुसला. "अगं, मागल्या खेपेला उतरायला तयार नव्हतीस तू. 'गवताचा ढीग काय बघायचा' म्हणालीस."

"तेव्हा भिकू लहान होता. आता त्याला कळेल."

"लहान होता" हे बोलताना तिची जीभ अडखळली. मास्तरांना ते कळलं नाही. ते छत्री शोधत होते.

राजपुरीहून मचव्यानं खाडीपलीकडे दिघी, आणि दिघीहून सर्विस मोटार. मोटारीत भिकू केसरच्या मांडीवर बसला. शेजारची बोर्लीची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "दोन वर्षांचा ना? बोलतो किती सुरेख!"

"चार," भिकू म्हणाला.

म्हातारी हसली. मग केसरच्या चेहऱ्याकडे पाहून खिडकीबाहेर बघू लागली.

बोर्ली मागं पडली, तसा अंबाजी ड्रायव्हर मान वळवून ओरडला, "कोणला इरलं बघायचंय का? मोटारीला पाणी पाजायचं हाय, येळ हाय बक्कळ!"

"बघायचंय, बघायचंय!" सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा.

३

आधी ते टेकाडच वाटलं.

रस्त्याच्या कडेला, भाताच्या कोरड्या खाचरांना लागून खळं होतं. त्याच्या चारी बाजूंना खांब रोवून वर ते इरलं टेकवलं होतं. बांबूच्या कामट्यांची वीण, मध्ये पानांचे थर. लावणीच्या वेळी बायका पाठीवर घेतात तसंच, पण एवढं की खाली अख्खी मोटार उभी राहावी. मागल्या खेपेला ते बैलगाडीच्या छपराएवढं होतं. केसरला पक्कं आठवत होतं, कारण तेव्हा वाकून आत शिरावं लागलं होतं. ह्या वेळी मास्तर छत्री उंचावून आत शिरले आणि छत्रीचं टोक वर टेकलं नाही.

एक म्हातारा काठावर बसून कामट्या ओवत होता. बुधाजी त्याचं नाव. इरली विणणं हा त्याच्या घराचाच धंदा.

"कुणासाठी हो हे, बाबा?" मास्तरांनी विचारलं.

"राखणदाराला. पावसाचा शेतात उभा ऱ्हातो. डोस्क्यावर काय नको?"

"आणि दरवर्षी नवं?"

"जुनं होत न्हाय त्याला."

"कुजत असेल."

"कुजंल कशानं? खांद्यात फाटतं." म्हाताऱ्यानं वर न बघता सांगितलं. "आतनं."

"वारा! पोकळीत वारा भरतो आणि शिवण उसवते," मास्तर केसरकडे वळून म्हणाले. वर्गात म्हणत तसे.

"आसंल," बुधाजी म्हणाला आणि पुढची कामटी ओवू लागला.

मोटारीतली माणसं भोवती फिरून "अबब" करत होती. एकानं आत तोंड घालून हाळी दिली. आवाज घुमला नाही, नुसता आत शोषला गेला. केसर मात्र लांब उभी राहून आकार बघत होती. काहीतरी खटकत होतं. लावणीचं इरलं पाठीला लांब असतं, वाकल्यावर कमरेपर्यंत झाकावं म्हणून. डोक्याला बेताचं असतं. हे उलट होतं. डोक्याचा भाग घुमटासारखा फुगलेला, आणि पाठ आखूड.

असं माप तिनं शिवलं होतं. दोनदा शिवलं होतं. एकदा मुलीसाठी, एकदा भिकूसाठी.

गावाचा राखणदार देव म्हटलं की मिशा, काठी, खांद्यावर घोंगडी असं काहीबाही डोळ्यांपुढं येतं. तिच्या डोळ्यांपुढं आता काहीच येईना. ती इरल्याकडे बघत राहिली. ती लहान पोराची कुंची होती.

मनाला तिनं दटावलं. म्हाताऱ्याच्या हाताला वळण पडलं असेल. मोठी वस्तू विणताना प्रमाण बिघडत असेल. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनं गवताच्या ढिगाला भ्यायचं म्हणजे फारच झालं.

४

आंब्याखाली एक बाई ताडगोळे सोलत होती. बुधाजीची सून, सोनूबाई.

"ये गो बाय, बस. उन्हाची कवापातर उभी ऱ्हाशील? ह्यो पोरगा तुझा? वाळे बघ कसं वाजवतोय! काय नाव रं तुझं?"

"भिकू. मी चार वर्षांचा आहे."

"चार?" सोनूबाईचा कोयता थांबला. तिनं भिकूचं पाऊल हातात घेतलं, वाळा टाचेवरून सरकवून पाहिला आणि पाऊल हळूच खाली ठेवलं. "हिकडं आलवतीस कदी?"

"दोन वर्षांमागं." केसर इरल्याकडे वळली. "तिथं खाली निजवला होता ह्याला."

"कोणी सांगितलं न्हाय तुला?"

"कुणी नाही."

"सांगणार तरी कसं? मोटारवाली मानसं, दोन घटका येतात, हसतात, जातात." सोनूबाईनं ताडगोळा भिकूच्या हातात दिला. "आमची पोरं न्हाय जात तिथं. कोंबडी पन न्हाय निजत."

"काय आहे तिथं?"

"मला काय ठाव? मी बगितलंय काय?" ती चिडूनच म्हणाली. मग आवाज उतरवून: "कुठल्या अंगानं गेलं ते ध्यानात हाय?"

केसरनं बोट केलं. समुद्राकडून डोंगराकडे.

"मंग डोंगराकडनं दर्याकडं यायला पायजे. ज्यानं ओलांडला त्यानंच. दुसऱ्या कोनाच्यानं व्हायचं न्हाय." तिनं इरल्याकडे पाहिलं. "आज येल. काम सरत आलं की बगायला येतो, होतंय का न्हाय. दुपारचा, मानूस हलंल तेव्हा. पोराला निजव आन् तू हिकडं निघून ये. ऐकलंस? पोर एकटं ठेवायचं."

"एकटा? तिथं?"

"एकटा. आईनं मधी ऱ्हायाचं न्हाय."

भिकूच्या हनुवटीवरून ताडगोळ्याचं पाणी ओघळत होतं. तो इरल्याकडे बघत होता, ओळखीच्या घराकडे बघावं तसा.

हे सगळं थोतांड असेल, असं केसरनं मनाशी म्हटलं. थोतांड असेल तर घटकाभर पोराला सावलीत निजवण्यानं काय होणार? आणि खरं असेल, तर दुसरा उपाय कुठला होता? दोन्ही बाजूंनी हिशेब सारखाच येत होता. फक्त पाय उचलत नव्हता.

५

अंबाजी पाण्याच्या डब्यासह ओढ्याकडे गेला होता. त्याच्यामागोमाग उतारू तोंडं धुवायला गेले, आणि ओढ्याच्या खडकात राक्षसाचे रांजण आहेत असं कुणी म्हटल्यामुळे मास्तर छत्रीसकट तिकडेच गेले. बुधाजीही कामटी खाली ठेवून उठला आणि मागं न बघता आंब्याकडे निघाला.

केसरनं खळ्यावर लुगड्याची घडी अंथरली. भिकू लगेच आडवा झाला. इतर वेळी निजवायला तास लागे. इथं दोन थापटांत त्याचे डोळे मिटले.

ती उठली. खळ्याच्या कडेपर्यंत गेली. सोनूबाई आंब्याखालून हात हलवत होती, ये, ये. केसरनं एकदा मागं पाहिलं. त्या सगळ्या घुमटाखाली भिकू एवढासा दिसत होता, कुणाच्या तरी हातून पडलेल्या वस्तूसारखा.

मुलीला शेवटच्या रात्री बाहेरच्या खोलीत नेलं होतं. केसरला आत बसवलं होतं, आईनं बघू नये म्हणून.

ती परत आली आणि भिकूशेजारी आडवी झाली, समुद्राच्या बाजूला. सोनूबाईची हाक एकदा ऐकू आली. मग तीही आली नाही.

आत ओल्या बांबूचा वास होता. पानांच्या फटींतून ऊन गळून भिकूच्या अंगावर, तिच्या हातावर, जमिनीवर शंकरपाळ्यांसारखं पसरलं होतं. कावळे ओरडत होते, ओढ्याकडून मास्तरांचं हसणं येत होतं, आणि लांब दर्याची गाज. ती गाज ऐकत राहिली. कशी कोण जाणे, एक लाट फुटली आणि दुसरी आलीच नाही. कावळेही गप्प झाले. मास्तरांचं हसणं मध्येच कापल्यासारखं बंद झालं.

डोंगराकडच्या बाजूचे उजेडाचे ठिपके विझले.

एकेक ओळ विझत पुढं आली, शेताकडून घराकडे दिवे मालवत यावं तशी. वर कामट्या करकरल्या. ढग, केसरनं ठरवलं. हा ढग आहे. ढगानं कामट्या करकरत नाहीत, असं तिचीच बुद्धी तिला म्हणाली, आणि ह्या वेळी तिनं बुद्धीला उत्तर दिलं नाही.

मग अंधार एकदम उचलला गेला. लख्ख ऊन अंगावर आलं. इरलं वर नव्हतं.

तिनं वर पाहिलं नाही. भिकूला जवळ ओढायला हात पुढं केला. झोपेत तो थोडा पलीकडे लोळला होता. दोघांमध्ये हातभर जागा झाली होती. त्या जागेत एक पाऊल उतरलं.

धप्पकन नाही. चालायला नुकतंच शिकलेलं मूल टाकतं तसं, चाचपत, बोटं आधी. केसरच्या नाकाशी अंगठा होता. मऊ, गुबगुबीत, खळ्या पडलेलं, पाटाएवढं पाऊल, वाळलेल्या चिखलानं माखलेलं. घोट्यात वाळा होता. तो वाळा साध्या पोराचा होता, केसरच्या मनगटातही गेला नसता एवढा. कधीकाळी कुणीतरी घातलेला, आणि वेळेवर कुणी कापलेला नव्हता. मांस त्याच्यावरून, खालून सुजून आलं होतं. चांदीची नुसती रेघ आत चमकत होती.

हे दुखत असेल, एवढंच तिच्या मनात आलं. भीती नाही. तिचा हात भिकूकडे जायचा तो त्या वाळ्याकडे गेला.

वर, खूप वर, कुणीतरी श्वास रोखला.

दुसरं पाऊल तिच्या अंगावरून गेलं, दर्याच्या बाजूला.

६

"अगं ऊठ, मोटार सुटते!" मास्तर छत्रीनं खांब ठोकत होते. "वारा केवढा सुटला होता? इरलं बघ कसं फिरवलंन!"

इरलं पुन्हा खांबांवर होतं, पण त्याचं तोंड आता दर्याकडे होतं. उतारू पाणी पिऊन येत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. कुणाच्या डोक्यावरची टोपीदेखील हलली नव्हती.

बुधाजी काठाशी उभा राहून खांद्याच्या शिवणीत बोटं घालून बघत होता. "हातभर सोडावं लागंल," तो सुनेला म्हणाला. सोनूबाई केसरच्या पाठीवरची धूळ बघत होती.

"तू पन निजलीस."

"एकटा कसा सोडू?" केसर म्हणाली. "पण ओलांडलं. डोंगराकडून दर्याकडे, तू म्हणालीस तसंच. ह्याला आधी, आणि मग..."

सोनूबाईनं पदर डोक्यावर पुढं ओढला. "जा बाय. मोटार सुटंल," म्हणाली, आणि पुन्हा केसरकडे पाहिलं नाही.

मोटारीत बसेपर्यंत केसरला रडू आवरत होतं. मांडीवर निजलेला भिकू जड लागत होता. खरोखरच जड! दिघीहून येताना हाच पोर पिसासारखा बसला होता; आता तिच्या मांड्यांना मुंग्या येत होत्या. फिटलं होतं. सदऱ्याच्या दुमडी ती आज रात्रीच उसवणार होती.

"झोपलेलं मूल जडच लागतं," मास्तर म्हणाले. ते पुढल्या सुट्टीचा बेत करत होते. कुठंसं घंगाळ होतं, हत्ती न्हाऊ शकेल असं.

आपल्यालाही ओलांडलं, हे तिच्या मनात नव्हतं असं नाही. पण तिची वाढ केव्हाच होऊन चुकली होती. पंचविशीच्या बाईचं आता काय खुंटणार? ह्या विचाराचं तिला हसू आलं. मोटार वळणावर कलली, तसा तिनं तोल सावरायला म्हणून पाय तळाच्या फळीकडे खाली सोडला.

पाय फळीला लागला नाही. तिनं टाच ताणली, मग बोटं. फळी खाली गेली असेल, आसन उंच झालं असेल. तिनं सरकून पुन्हा पाहिलं. दोन्ही पाय हवेत हलत होते.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली.

मास्तर घंगाळाचं वर्णन करत होते.

भिकू जागा झाला. डोळे चोळले नाहीत, किरकिर केली नाही. तिच्या मांडीवरून उतरून तो शेजारी बसला, पाय खाली सोडले, ते अलगद फळीला टेकले, आणि तिच्याकडे बराच वेळ मायेनं बघत राहिला. मग त्यानं आपला सदरा नीट केला, मांडीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाला,

"आई, दमलीस ना? आता तू माझ्या मांडीवर ये."